भांडं आपलं, तर नाव फुकट

हल्ली माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. भांडं फोनवरून मागवलेलं असतं, घरपोच आलेलं असतं, आणि त्यावर नाव टाकायला मात्र माणूस अमरावतीच्या इतवाऱ्यात माझ्याकडे येतो. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा धड काढलेली नसते. दारात गाडी आडवी लावायची, माझ्या फळीवरचे डबे, गंज म्हणजे पातेली, पराती यांच्याकडे नजरही टाकायची नाही, आणि वर म्हणायचं, "भाऊ, पाच मिन्टात होईन ना? मले उशीर होऊन राहिला." लग्न एकीकडे लावून जेवायला दुसऱ्याच्या मांडवात बसणारी ही जमात. मी मनातल्या मनात शिव्या देतो आणि मशीन सुरू करतो.

आमच्याकडे नाव नसलेलं भांडं म्हणजे आहेरच नव्हे. मुलीला आंदणात काय काय दिलं ते मांडवात मांडून ठेवतात आणि बायका वाकून वाकून वाचतात, कोणत्या काकानं काय दिलं, कोणत्या मामानं कशावर भागवलं. ते वाचता यावं म्हणून आमचा धंदा. तो बाबांनी सुरू केला. भातकुलीकडून शहरात आले तेव्हा त्यांच्याजवळ एक छन्नी, एक हातोडी आणि बसायला एक गोणपाट होतं. भांड्यांच्या दुकानांसमोर रस्त्याच्या कडेला बसून ते ठिपक्या-ठिपक्यानं नावं टाकायचे. अक्षर असं की लोक ताटकळत उभे राहत.

पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. वर पाटी लावली, पाटीवर आडनाव लिहिलं, आणि त्या आडनावानं गिऱ्हाईक पळालं. आम्ही बौद्ध. ज्यांना बाबांच्या हातचं अक्षर चालत होतं त्यांना बाबांच्या दुकानातली चुलीवर चढणारी भांडी चालेनात. दोन दुकानं सोडून गंज घ्यायचे आणि नाव टाकायला बाबांकडे आणायचे. बाबांनी चार-सहा महिने तीही नावं टाकली. मग त्यांनी एक दिवस नियम केला. भांडं आपलं, तर नाव फुकट. भांडं दुसऱ्याचं, तर सोन्याचा तुकडा दिला तरी नाव टाकायचं नाही. या नियमापायी कितीतरी दिवस घरी नुसत्या वरणावर भागलं, पण नियम मोडला नाही. हळूहळू आमचीच माणसं आमच्याकडे यायला लागली, मग बाकीचेही आले.

तो नियम मी मोडला. बाबा गेल्यानंतर, मोबाइलवरची खोकी यायला लागल्यावर, पैसे घेऊन मोडला. रिकामं बसण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

बाबांची ही विद्या आम्ही दोघं शिकलो, मी आणि माझी थोरली बहीण. तिला आम्ही बाई म्हणतो. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, नवऱ्याची सरकारी नोकरी होती, तरी तिनं हट्टानं भांड्यांचं दुकान काढलं. नवरा वारल्यावर त्या दुकानावरच तिनं घर चालवलं. तीन वर्षांपूर्वी ती ही खोकी पाठवणाऱ्या त्या कंपनीवर माल विकायला लागली. कंपनीचं नाव मी घेत नाही. नाव घ्यायला ती काही माझी कोणी लागत नाही.

तेव्हा फोनवर आमचं जोरदार भांडण झालं.

"बाई, ज्यायनं आपली दुकानं बसवली त्यायच्याच दारात जाऊन बसली तू?" मी म्हटलं.

"बसली," ती म्हणाली. "काहून बसू नोको?"

"बाबा काय म्हनले असते?"

"बाबाले पाटी लावा लागली होती. फोनवर मले कोनी आडनाव नाही विचारत. गुंड पाह्यते, पैसे देते, घेऊन जाते. पुन्याच्या कोन्या सैपाकघरात माह्या हातचा गुंड हाये, हे त्यायले ठाऊक बी नाही. तुले काय कयते त्यातलं?"

मी फोन ठेवला. हरायला लागलो की मी फोन ठेवतो, ही माझी जुनी खोड आहे.

गुंड म्हणजे आमच्याकडचं पाणी भरायचं भांडं. पितळेचं, पोट मोठं, गळा आखूड. पुण्याकडे हा शब्द काढला की लोक पोलिसांना फोन करायला निघतात. पण पुण्या-मुंबईत जाऊन राहिलेल्या वऱ्हाडी माणसाला दिवाणखान्यात शोभेला गुंड लागतो. आई गावी एकटी असते, गुंड तेवढा दिवाणखान्यात असतो. बाई एका जुन्या कारागिराकडून गुंड घडवून घ्यायची, स्वतः चिंचेनं घासायची, जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात घालायची. कंपनीच्या पानावर तिचे गुंड चांगले खपायला लागले.

आणि मग ते परत यायला लागले. वास्तुशांत उरकली, कलश म्हणून गुंड पूजेत मांडला, फोटो काढले, आणि हळदीकुंकवासकट परत. एकदा तर खोक्यात तिच्या गुंडाऐवजी पोचे आलेला जुनाट अल्युमिनियमचा तांब्या निघाला. कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे साक्षात परमेश्वर, ते खोटं बोलतच नाही. खोटं बोलायचं ते अकोल्याच्या बाईनं. तिनं फोटो पाठवले, तक्रार केली. उत्तर यायचं, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." यंत्राला भावना समजतात, हे मला तेव्हा कळलं. गेल्या उन्हाळ्यात तिला ताकीद आली. मालाच्या दर्जाबद्दल आणखी एक तक्रार आली तर तिचं पान कायमचं बंद.

तोवर तिच्या अकोल्याच्या दुकानात गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. जे काही होतं ते त्या पानावर होतं. "एकच तक्रार उरली," ती मला फोनवर म्हणाली. आवाजात नेहमीचा ठसका नव्हता, आणि मला त्याची भीती वाटली.

आता माझ्या हुशारीबद्दल सांगायला हवं. त्याच उन्हाळ्यात लग्नसराईच्या तोंडावर माझं नाव टाकायचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, आठवडा लागेल. मी काय केलं? त्याच कंपनीवरून नवं मशीन मागवलं. आठ दिवस त्यावर साठलेली सगळी भांडी उरकली. माझं जुनं मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा नवं पुसून खोक्यात घातलं आणि परत केलं. कारण विचारलं तेव्हा फोनवर यादी आली. मी त्यातलं "नीट चालत नाही" हे दाबलं. चार दिवसांत पैसे परत. मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगत होतो. कंपनीला कसा उल्लू बनवला! ते मशीन कोणी बनवून विकलं असेल, कोणत्या गावच्या कोणत्या खोलीत बसून, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मला वाटलं, मी हत्तीच्या पाठीवरून गवताची काडी काढून घेतली.

हे ज्यांना रंगवून सांगितलं त्यांत आमच्या कॉलनीतले मुख्याध्यापक होते. निवृत्त. वलगाव रोडला आमच्याच गल्लीत राहतात. कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर रोज सकाळी सुविचार, आणि दिवाळीच्या आधी न चुकता आवाहन : आपल्या गावातल्या छोट्या दुकानदाराकडूनच खरेदी करा, त्याच्याही घरी दिवा लागू द्या. असे हे गृहस्थ एका दुपारी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन माझ्या दुकानात आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. खोक्यात पितळेचा गुंड होता. पुतणीचं लग्न, काका म्हणून आंदणात द्यायचा होता.

"तुमच्याकडे असतो हे लक्षातच आलं नाही हो," ते म्हणाले.

माझ्या फळीवर दोन गुंड त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मी गुंड हातात घेतला. चांगला वजनदार होता, घासलेला होता, आतून चिंचेचा किंचित वास येत होता. मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा मनातल्या मनात त्यांना हसण्यात इतका दंग होतो की भांड्याकडे लक्षच दिलं नाही. 'सप्रेम भेट', खाली त्यांचं पूर्ण नाव, त्याखाली 'निवृत्त मुख्याध्यापक'. ते हुद्द्याशिवाय सहीसुद्धा करत नसावेत. नाव टाकता टाकता मी त्यांना मशीनची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. "कारण काय दाबायचं म्हणालात?" त्यांनी विचारलं. मी माझ्या फोनवर यादी उघडून दाखवली. मी नाव टाकायचे पैसे घेतले आणि ते गेले.

लग्नाला मी गेलो होतो. मांडवात गुंड पहिल्या रांगेत होता. बायका वाचत होत्या, काका मान हलवत उभे होते. माझं अक्षर चारचौघांत मिरवत होतं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पंधरा दिवसही झाले नसतील, बाईचा फोन आला. एकच शब्द बोलली. "ये."

बडनेऱ्याहून निघून मूर्तिजापूर मागे टाकेपर्यंत मी नाना तर्क केले. दुकानात पोचलो तर ती स्टुलावर बसलेली, समोर खोकं. तिनं पाणीही विचारलं नाही. खोक्यातून गुंड काढून माझ्यासमोर ठेवला.

"हे कोनाच्या हातचं हाये?"

माझ्या 'भेट'मधल्या 'भ'चं पोट जरा जास्तच सुटतं. बाबांनी त्यासाठी मला कैकदा टोकलं होतं. बाई ते अक्षर अंधारातही ओळखेल. गुंडावर 'सप्रेम भेट' होतं, नाव होतं, हुद्दाही होता. सोबत कंपनीचा कागद होता. परत करण्याचं कारण : भांड्यावर ओरखडे आहेत.

ओरखडे! बाबांची विद्या, माझी चाळीस वर्षं, आणि त्या माणसाचं स्वतःचं नाव, सगळ्याचे मिळून ओरखडे झाले होते. चोर पुष्कळ पाहिले, पण चोरीच्या मालावर नाव, गाव, हुद्दा टाकून जाणारा हा पहिलाच. न्यायला आलेला पोरगा खोकं उघडून पाहत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपण काय कोरून घेतलं ते बहुधा लक्षातही नसेल. मांडवात वाचून झालं, नावाचं काम संपलं.

"सात दिवस देले कंपनीनं," बाई म्हणाली. "गिऱ्हाईकानं लिहून देलं का भांडं चांगलं होतं, तं पान राह्यते. नाही तं बंद. मानूस तुह्या ओयखीचा हाये. जाय त्याच्याकडे."

मी उठलो तेव्हा तिनं आणखी एक विचारलं. "भांडं आपलं होतं. नावाचे पैसे घेतले तू?"

मी म्हटलं, तुझं आहे हे मला कुठं माहीत होतं. ती म्हणाली, "हं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या व्हरांड्यात होतो. चहा आला. मी चहाला हात लावला नाही आणि सगळं सांगितलं. गुंड माझ्या बहिणीचा होता, तिचं पान बंद होणार आहे, दोन ओळी लिहून द्या.

"अहो, पण मी तुमच्या बहिणीला कुठे परत केला?" ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मी कंपनीला परत केला. पोरगी म्हणाली, काका, फ्लॅटमध्ये हे धूड कुठे ठेवू, त्यापेक्षा पैसेच द्या. मग काय करायचं? एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?"

"कंपनी गुंड घडवते का, सर? तुमच्या गुंडाचा फटका माझ्या बहिणीला बसला."

"असेल. पण लिहून द्यायचं म्हणजे मी खोटं बोललो असं होतं. उगाच माझं नाव कुठे यायला नको."

"नाव आलंय, सर. हुद्द्यासकट. मीच टाकलंय."

ते जरा चपापले. पण चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस, लगेच सावरले. मी म्हटलं, गुंडाचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो, तुमच्या आजच्या सुविचाराच्या खाली. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "टाका. पण मग हेही लिहा की कारण कोणतं दाबायचं ते मला कोणी दाखवलं. मला तर यादी कुठे उघडते तेसुद्धा माहीत नव्हतं."

त्या माणसाची मला किळस आली होती, आणि ती किळस घेऊन पळायला जागा नव्हती. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की मी ज्याचं मशीन परत केलं त्याला माझं नाव माहीत नाही. त्याच्याकडेही एकच तक्रार उरली असेल का, हे मी कधी विचारलंच नाही. चहावर साय धरली होती. मी उठून आलो. फोटो टाकला नाही.

बाईला मी फोनवर फक्त एवढं सांगितलं की तो लिहून देत नाही. मी स्वतः कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. नाव टाकणारा मी, भांडं निर्दोष होतं, ओरखडे नाहीत ती अक्षरं आहेत, गिऱ्हाईकाचं स्वतःचं नाव आहे, वाचून पाहा. तिथे वाचणारं कोणी असतं तर ना. बाईच्या फोनवर उत्तर आलं, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. आठव्या दिवशी पान बंद झालं.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. बाई दुकानात खोकी उलगडून त्यांचे पुठ्ठे फळ्यांवर अंथरत होती. न गेलेले गुंड ओळीनं मांडले होते आणि बाहेरच्या पाटीवरची धूळ पुसलेली दिसत होती, आडनावासकट. आता पुन्हा पाटी वाचून येणारी आणि पाटी वाचून पुढे जाणारी माणसं तिला बघायची होती. तिची साठी उलटलीय.

मी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मशीनचं, आठ दिवसांचं, यादीचं, मी काय दाबलं आणि कोणाला दाखवलं त्याचं. सांगताना मी पुठ्ठ्यांकडे बघत होतो. ती पुठ्ठे अंथरत राहिली. माझं बोलणं संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मीच विचारलं, "बाबाची छन्नी कुठं हाये?"

माझ्याकडे मशीन आलं तेव्हा छन्नी-हातोडी मीच तिला देऊन टाकली होती, अडगळ म्हणून. तिनं खण उघडून दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. परत आलेला गुंड कोपऱ्यात होता. तो मी मांडीवर घेतला आणि मुख्याध्यापकांच्या हुद्द्याखाली जी जागा होती तिथे नाव टाकायला लागलो. हाताला मशीनची सवय, छन्नी सुटत होती. इतकी वर्षं हजारो लोकांची नावं टाकली, पण या नावाची अक्षरं मला नवखी होती. ते माझं होतं.

"त्याच्या जोडीले कोनाचं टाकून राहिला?" बाईनं विचारलं.

"शिकवनाऱ्याचं," मी म्हटलं.

झाल्यावर तिनं गुंड उचलला, दाराशी उजेडात नेला आणि दोन्ही नावं वाचली. मी खिशात हात घातला. त्या दिवशी मुख्याध्यापकांकडून घेतलेले नावाचे पैसे तिच्यापुढे ठेवायचे, असं अमरावतीहून निघतानाच ठरवून आलो होतो.

ती वळली, तिनं नोट पाहिली आणि गुंड माझ्या हातात दिला.

"ठेव ते," ती म्हणाली. "नावाचे पैसे नाही लागत. भांडं आपल्याच दुकानचं हाये."